थांबा, नवीन येतंय!

दुरुस्ती करता करता कुठल्या मशीनचे ते न कळणारे स्क्रू जसे बरणीत साठत जातात, तसे माझ्याकडे दत्ताचे किस्से साठलेत. टाकवत नाहीत आणि कुठं बसवताही येत नाहीत. आज ती बरणी ओततो, कारण माझं डोकं फिरलंय.

आधी ओळख. पलूसच्या स्टँडजवळ माझं मोबाईल आणि गेमचं दुकान आहे. काउंटरच्या काचेत हातात धरून खेळायचा गेम ठेवलाय. मधे स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं आणि दांड्या. आम्ही त्याला नुसतं ‘डबा’ म्हणतो. दत्ता माझा शाळेपासूनचा दोस्त, कुंडलचा. घरचा ऊस आहे, कारखान्यात नोकरी आहे, आणि फावल्या वेळात तो यूट्यूबवर डब्याच्या बातम्या देतो. बातम्या कसल्या, अफवा! कंपनी तोंडातून एक शब्द काढत नाही, पण ह्याला सगळं माहीत! प्रत्येक व्हिडिओचा शेवट एकच: "मित्रांनो, घाई करू नका. नवीन मॉडेल येतंय. थांबा!"

माझं गिऱ्हाईक येतं, डबा हातात घेतं, सगळी बटणं दाबून बघतं आणि परत ठेवतं. "मस्त हाय. पर दत्ताभाऊ थांबा म्हणतोय." आणि हा दत्ताभाऊ त्याच वेळी माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत, माझाच चहा पीत बसलेला असतो! राग येणार नाही तर काय?

बरं, डब्यापुरतं असतं तर मी सोडूनही दिलं असतं. लग्नाचंही ह्याचं तेच! पस्तिशीला टेकला. आमच्या भागात मुली मिळेनात म्हणून पोरं देव पाण्यात घालून बसलीत, आणि ह्याच्या आईनं, म्हणजे आमच्या काकूंनी, स्थळ आणलं की हा म्हणणार, "थांब गं आई. आनखी चांगलं येईल." विट्याची एक शिक्षिका सगळ्यांना पसंत होती. हा थांबला. आता तिचा नवरा माझ्याकडे चार्जर न्यायला येतो!

काकू बाजाराला आल्या की दुकानात डोकावतात आणि एकच विचारतात, "ह्येचं कवा व्हायचं रं?" मी त्यांच्यासाठी चहा मागवतो.

*

आमच्या बैठकीतले सगळ्यात वडीलधारे म्हणजे रिटायर सुभेदार. गुडघे गेल्यापासून डब्यावर मोटारींची शर्यत खेळतात. एक दिवस तणतणत आले.

"रस्ता सरळ हाय, म्या सरळ हाय, मग गाडी डावीकडं का जातीया?"

डब्याची दांडी आतून झिजली होती. ती झिजली की बोट न लावताही एका बाजूला ओढते. मी म्हटलं, बसा, बदलून देतो. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, तेवढ्यात दत्ता मधे पडला. "आवं सुभेदार, कशाला दुरुस्त करताय? नव्या मॉडेलला ही भानगडच नसनार. थांबा."

सुभेदारांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "पोरा, पलटनीत ‘थम’ म्हणायच्या आदी ‘तेज चल’ म्हणत्यात. तू कवा कुनाला चालीवलंयस का?"

*

मग बॅटरीची अफवा आली. दत्ता धावतच दुकानात शिरला. "गड्या, रिडिझाइन कन्फर्म! नव्या डब्याची बॅटरी हातानं काढता येनार!"

ह्यावर तर माझं पित्तच खवळलं. अरे, पूर्वी प्रत्येक मोबाईलची बॅटरी हातानंच निघायची! आधी ह्यांनीच ती चिकटवून टाकली, आता सोडवून देणार, आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या? आपलीच म्हैस नेऊन आपल्यालाच दूध विकायचा धंदा!

काकू तेव्हा काउंटरपाशीच उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून आपला बटणांचा मोबाईल काढला. मागचं झाकण कधीच गेलेलं, वरून रबर लावलेलं.

"ह्यात नवं काय रं? माजी तर न काडता बी निघती!"

*

शेजारी साजिदभाईंचं चष्म्याचं दुकान. माणूस मिश्कील. त्यांनी एकदा काळी चष्म्याची केस अर्ध्या उजेडात धरली, हात हलवून एक गचाळ फोटो काढला आणि दुसऱ्याच नंबरवरून दत्ताला पाठवला. खाली काहीही लिहिलं नाही.

संध्याकाळी दत्ताचा व्हिडिओ हजर! "मित्रांनो, नव्या डब्याचा पहिला फोटो! आकार बघा, कडा बघा!" दुसऱ्या दिवशी तासगावहून एक गृहस्थ खास तो डबा बुक करायला माझ्या दुकानात आले. मी बघत राहिलो!

शेवटी साजिदभाईंनाच राहवलं नाही. ती केस घेऊन आले आणि दत्ताच्या पुढ्यात उघडली. "हे बघ तुझं नवीन मॉडेल. आत चष्मा पुसायचं फडकं पन हाय."

दत्तानं केस बघितली, फडकं बघितलं, मग साजिदभाईंकडं बघितलं. आवाज खाली आणून म्हणाला, "भाई, खरं सांगा. कंपनीनं तुमाला गप बसवलंय, व्हय ना?"

*

पुढचा किस्सा सांगताना अजून माझे हात शिवशिवतात. दत्ताची मावशी कोयनानगरला राहते. ऐन पावसाळा, धरण काठोकाठ. त्या दिवशी नव्या डब्याची सगळी माहिती कुठून तरी फुटली. दत्तानं घाईघाईत आपल्या गेमवाल्या ग्रुपवर मेसेज टाकला: "लीक झालंय! कन्फर्म! आज संध्याकाळपर्यंत सगळं बाहेर येणार!"

टाकला कुठं? मावशी असलेल्या घरच्या ग्रुपवर!

पाऊण तासानं फोन वाजला. दत्तानं स्पीकर लावला म्हणून आम्हालाही ऐकू आलं. मागं शेळ्यांचा आणि पोरांचा आरडाओरडा चाललेला. "दत्त्या, सगळी आळी टेकावर आलीया. गोधड्या आनल्यात, शेगड्या आनल्यात. पानी अजून दिसंना. किती फुटलंय रं?"

"मावशे... आगं, धरण न्हवं. डबा."

"कसला डबा?"

दत्तानं सांगितलं. म्हाताऱ्या माणसांना त्या निसरड्या टेकावर चढवलं ह्यानं, एका खेळण्यापायी! मी तसं त्याला तोंडावर सुनावलंही. मग मावशी बोलली.

"मुडद्या, भूकंपात बी कवा घर सोडलं न्हवतं मी!"

*

आणि आता फलटण.

तिथलं एक स्थळ आलं, तर काकूंनी ह्या वेळी त्याला विचारलंच नाही. साजिदभाईंची गाडी त्यांच्यासकट ठरवली, मला बरोबर घेतलं आणि दत्ताला मधे बसवलं. "तितं ‘थांबा’ ह्यो शब्द काडलास तर माज्याशी गाठ हाय!" वाटभर त्यांनी नारळ मांडीवर घट्ट धरला होता. कितव्यांदा धरला असेल कोण जाणे. एवढी खंबीर बाई, पण दर वळणाला बोटांनी त्याची शेंडी चाचपत होती. त्या बोटांकडं बघून मला दत्ताला गाडीतून खाली उतरवावंसं वाटलं.

मुलगी लॅबमध्ये रक्त तपासायची. खाली मान घालून वगैरे काही नाही, येऊन सरळ समोर बसली. आणि काय सांगू, दत्ता विरघळला! चमचा पोह्यांत, पोहे बशीत आणि नजर समोर. चक्क माझ्या कानात कुजबुजला, "गड्या, हीच." इतक्या वर्षांत पहिल्यांदा! काकूंनी ते ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला.

मुलीचे वडील तिला म्हणाले, "तुला काय इचारायचं आसंल तर इचार."

ती दत्ताकडं वळली. "तुमीच ना ते यूट्यूबवरचे, ‘थांबा’वाले?"

दत्ता खूश. "व्हय, व्हय! बघता तुमी?"

"बघते ना. पहिल्या पगारापासनं मला डबा घ्यायचाय. दर वेळी दुकानापर्यंत जायचे, तुमचा व्हिडिओ यायचा, मी परत फिरायचे. नवीन काय आलं न्हाई आन जुना बी घेतला न्हाई." तिचा आवाज चढला. बोलता बोलता तिनं रिकामा कप ठाणकन ट्रेमध्ये ठेवला. "म्हणून ह्या वेळी बी मी थांबनारच हाय. तुमचंच ऐकून! बघू, पुढच्या वर्षी जरा सुधारून नवीन येताय का!"

साजिदभाई छताकडं बघायला लागले. दत्तानं तोंड उघडलं, पण त्यातून काही निघालं नाही. निघणार काय? सगळे शब्द त्याचेच होते!

काकू उठल्या. नारळ मुलीच्या पुढ्यात ठेवला आणि तिचा हात हातात घेतला.

"न्हाई गं बाई, थांबू नगंस. जल्माल्यापास्नं बघत्ये मी ह्येला. नवीन बिवीन काय यायचं न्हाई, सगळी अफवा हाय. घ्यायचा आसंल तर ह्योच घे, हाय असा!"