चपला देवापाशीच राह्यल्या

बायाहो, आज मेडशीजवळच्या टेकडीवर मी रॅपलिंग केलं, म्हंजे दोराले लटकून कडा उतरली.

वर शेंदूर लावलेला देव हाय. सवयीनं त्याच्यापाशी चपला काढल्या अन् अनवाणीच निंगाली. मधात थांबली तं खाली पिवळं सोयाबीन डोलून राह्यलं होतं. वाटलं, वावरच मले झोका देऊन राह्यलं.

खाली पाय टेकले अन् चपला आठवल्या! पायवाटेनं सारे सराट्याचे काटे. शिकवणारा दादा हासला, "ताई, दोर बांधेलच हाय. आता कड्यावरूनच चढा."

चढली. उतरताना दगडाले पाय नुसते लागले होते. चढताना बोटाईनं त्याची खाच न् खाच ओळखली.

वर चपला उन्हानं तापल्या होत्या. घालावंच वाटेना.

उतरल्यावर पुन्हा चढाले लावीन, असं तुमचं वर काय राह्यलं हाय?