रिकामा पिनकोड

१२ मे. संध्याकाळच्या गाडीसाठी इन्सुलिनच्या पेट्यांवर पिनकोड घालायचे होते. अमरावतीच्या आमच्या औषध दुकानातून त्या खेड्यांत जातात. पेटी भलत्या गावी गेली की बर्फ वितळतो आणि औषध वाया जातं.

पायथनमध्ये पिनकोडचा डेटाबेस करून देणारा मुलगा अकोल्याच्या जुन्या शहरातून येतो. गावांची नावं पुटपुटतो, आणि एंटर दाबला की कुकर फुटणार असल्यासारखा खुर्चीमागे जाऊन उभा राहतो.

गाडी दारात आली तेव्हा एका आजींच्या नावापुढे पिनकोडच नव्हता. दुपारी तर होता.

"म्याच काढला," तो म्हणाला. "त्या नावाची दोन गावं हायेत, ताई. एक भातकुलीकडे, एक परतवाड्याकडे. स्क्रिप्ट पयलं दिसन ते उचलून राहिली होती."

आजींकडे उद्यापुरतंच औषध होतं आणि त्यांचा फोन लागत नव्हता.

"अंदाजानं टाका. गाडी थांबणार नाही."

"अंदाजानं तुमी सुई टोचून घ्यान का?"

मी ड्रायव्हरला निघायची खूण केली. गाडी गेली. पेटी त्यानंच उचलून फ्रिजमध्ये ठेवली.

सकाळी आजींचा फोन लागला. पेटी मांडीवर घेऊन मी परतवाड्याच्या पहिल्या बसमध्ये बसले.