सव्वा मूठ गहू

माझा धाकटा भाऊ ललित ओमानात सोहारला वेल्डर आहे. त्याला जाऊन सहा वर्षं झाली आणि सहा वर्षं मी त्याच्यावर जळतो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याला नावं ठेवली तर कुणाला आश्चर्य वाटायला नको.

लहानपणापासून हा माणूस कामाला चुकार आणि बोलायला गोड. मळ्यातली मोटर चालू करायला पाठवला की बांधावर कुणाशी तरी गप्पा छाटत बसायचा आणि येताना मायसाठी ओंजळभर बोरं आणायचा. माय बोरं बघून मोटर विसरायची. मोटर मग मी चालू करायची, कपाशीला पाणी मी भरायचं, आणि संध्याकाळी चिखलाचे पाय अंगणात आणले म्हणून शिव्याही मीच खायच्या.

आयटीआय आम्ही दोघांनी केलं, वेल्डिंगचंच. त्याचा जोड नागमोडी जायचा. हात कसा धरायचा, श्वास कधी रोखायचा, हे मी त्याला भंगाराच्या पट्ट्यांवर शिकवलं. मुंबईला परदेशी कंपनीची परीक्षा झाली, त्यात दोघंही पास झालो. माझा जोड त्याच्याहून सरळ होता, हे परीक्षा घेणाऱ्या साहेबानंच सांगितलं. पण त्याच महिन्यात आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, लकवा झाला आणि त्यांची उजवी बाजू गेली. कुणीतरी घरी थांबणं भाग होतं. कोण, हे मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी मोठा होतो, संपलं. दोंडाईच्याच्या स्टेशनवर त्याला सोडायला गेलो तेव्हा त्याच्या पायात माझे कामाचे बूट होते.

आता माझी रोजची चाकरी नरडाण्याच्या कारखान्यात. पहाटे आबांना अंघोळ घालायची, शेताकडे चक्कर मारायची आणि मोटारसायकलला किक मारायची. वाटेत दहा माणसं थांबवून विचारतात, ललित काय म्हणतो? मी काय म्हणतो हे विचारणारा अजून भेटायचा आहे. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. घरात मायनं एक घड्याळ ओमानच्या वेळेवर लावलंय, आपल्यापेक्षा दीड तास मागे. ललितची जेवायची वेळ झाल्याशिवाय ती घास उचलत नाही. माझं ताट दीपमाला, म्हणजे माझी बायको, झाकून ठेवते, म्हणून मी उपाशी झोपत नाही इतकंच.

तो दर शुक्रवारी फोन करतो. मायला सांगतो, इथं सगळीकडे एसी शे. मला सांगतो, टाकीच्या आत बसून जोड मारतो, वर ऊन आणि आत आग, दोन शर्ट बदलावे लागतात. मला यातही त्याची फुशारकीच ऐकू यायची. टाकीच्या आत बसायला मी एका पायावर तयार होतो.

यंदा कानबाईला तो येणार होता. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, तेव्हा भाऊबंद कुठेही असले तरी घरी येतात. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, त्याचंच दळण दळायचं आणि ते कुळातल्यांनीच खायचं. बाहेर असलेल्याची मूठ तर चुकवायचीच नाही. पूर्वी मुठी आबा घ्यायचे. त्यांची मूठ मिटेनाशी झाल्यापासून मी घेतो.

रोटांच्या आधीच्या शुक्रवारी मी रजा टाकून घर धुतलं, भाजीला गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, आणलं, चक्कीवाल्याला चक्की धुऊन ठेवायला सांगितलं आणि गव्हाच्या कोठीशी बसलो. आबांची मूठ घेतली, माझी घेतली, माझा मुलगा हितेंद्र याची घेतली. ललितची हातात होती. तेवढ्यात त्याचा फोन आला. त्याची सुट्टी रद्द झाली होती. माय ओट्यावर बसून रडायला लागली आणि मला स्पष्ट ऐकू आलं,

"तू नई त घरमा कोनीच नई रे भाऊ."

घरात कुणीच नाही. मी तिथून चार हातांवर बसलो होतो. तळपायाची आग मस्तकात गेली. मी मूठ उघडली आणि गहू कोठीत परत टाकले. वरची पाव मूठ घ्यायचा प्रश्नच उरला नाही. दळण बांधून मी चक्कीवर नेलं, आणि खोटं कशाला बोलू, वाटेत मला बरं वाटत होतं.

रविवारी कानबाई बसली. रोट झाले, खीर झाली, आम्ही पानावर बसणार एवढ्यात ललितचा व्हिडिओ कॉल आला. त्याची जेवणाची सुट्टी होती. मायशी बोलून झाल्यावर त्यानं फोन मला द्यायला सांगितला. अंगावर कामाचा डगला, चेहरा उन्हानं करपलेला. सांगायला लागला की खोलीवर गहू नव्हते, म्हणून पिठाच्याच मुठी घेतल्या आणि सकाळी त्याच्या जाडजूड पोळ्या लाटल्या. कानबाईला चालतं की नाही देव जाणे. आबांच्या आधी त्यानं माझी मूठ घेतली होती. मी म्हटलं, आबांच्या आधी कशाला?

तो म्हणाला, "तू बठ्ठासन्या मुठी लेस भाऊ, पन तुनी कोन लेस?"

सगळ्यांच्या मुठी मी घेतो, तर माझी कोण घेतं, असं तो विचारत होता. मागं आरतीचं ताट वाजत होतं, दीपमाला पानं वाढत होती. पडद्यावर तो माझ्याकडे बघत होता. मग त्यानं स्वतःच्या मुठीचं विचारलं, "मनी लिधी ना?"

"लिधी," मी म्हणालो.

माझ्या खांद्यामागून माय वाकून म्हणाली, "तुनीच पयले लिधी व्हई त्यानी."

ललित हसला. कानबाईसमोर उभं राहून मी खोटं बोललो होतो, आणि त्यानं ते लगेच खरं मानलं.