न प्यायलेला पेला

लातूर जिल्हा झाला त्याला फार काळ लोटला नव्हता, तेव्हा मी तिथे नोकरीला लागलो. सरकारी कचेऱ्या मिळेल त्या घरात थाटल्या होत्या. आमची कचेरी एका डाळ मिलच्या मागच्या गल्लीत होती. पुढची खोली आमची आणि मागच्या खोलीत घरमालकाचं सामान. पाटीचा रंग नवा होता, खुर्च्या उस्मानाबादेहून आलेल्या जुन्या. दिवसभर मिलचा भुसा उडून टेबलावर बसायचा आणि शिपाई तो फडक्याने पुसून परत हवेत उडवायचा.

माझं पद होतं परिविक्षा अधिकारी. हा शब्द माझ्या आईला शेवटपर्यंत म्हणता आला नाही. मुखेडच्या बाजारात कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर ती म्हणायची, "कोर्टात मास्तर हाय." तसं ते फार चुकीचंही नव्हतं. किरकोळ मारामारी, दारूतला दंगा अशा गुन्ह्यात पहिल्यांदाच सापडलेल्या माणसाला कोर्ट कधी कधी तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सोडायचं. एक वर्ष त्याने नीट वागायचं, आठवड्याला आमच्याकडे हजेरी द्यायची आणि आम्ही त्याच्याशी बोलून त्याचा राग, त्याची सवय ताळ्यावर आणायची. वर्षात पुन्हा हात उचलला, तर मुचलका मोडला आणि तुरुंग ठरलेला.

या नोकरीचं मला फार अप्रूप होतं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. मोठ्या दुष्काळात आई-वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते आणि मी नायगावच्या वसतिगृहात दोन वेळचं जेवून अभ्यास करत होतो. पुढे नांदेडला कॉलेज केलं. मला शिकवणाऱ्यांनी, फॉर्म भरून देणाऱ्यांनी जे केलं ते आपण कुणासाठी तरी करायचं, एवढी साधी समजूत घेऊन मी लातूरच्या एसटीत बसलो होतो. अजूनही माझी समजूत तीच आहे. फक्त तिला काही ओरखडे पडलेत. त्यातला एक इथे लिहितो.

माझे वरिष्ठ नांदेडच्या जुन्या, शिक्षकांच्या घरातले. शांत माणूस. त्यांनी मला कामाची रीत शिकवली. "माणूस आला की आधी खुर्ची द्यायची, मग पाणी, मग बोलायचं. पाणी प्यायलेला माणूस भांडत नाही," ते म्हणायचे. दुसरी रीत रागाची. राग आला की जागा सोडायची आणि मनात दहापर्यंत मोजायचं. आमच्या कोपऱ्यात एक मोठा माठ होता. घरमालकाच्या बोअरला अजून पाणी होतं, म्हणून तो भरलेला असे. त्या वर्षी लातुरात भरलेला माठ ही काही साधी गोष्ट नव्हती.

त्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक हमाल आला. वय पस्तिशीचं, खांद्यावर पोत्यांनी पडलेला घट्टा. निलंग्याकडच्या गावातून दुष्काळाने उठून बायको आणि पोरीसह लातूरच्या कडेला नव्या झालेल्या एका वस्तीत राहात होता आणि आडतीवर पोती उचलत होता. वस्तीत पाण्याचा टँकर यायचा. टँकर थांबायचा तिथेच एका किराणा दुकानदाराचं दुकान होतं. ड्रायव्हरशी त्याची ओळख. पाईप आधी त्याच्या बॅरलमध्ये जायचा, मग रांगेला. एके दिवशी त्याने या हमालाच्या बायकोची घागर पायाने बाजूला सारली. हमालाने तीच घागर उचलली आणि त्याच्या कपाळावर घातली. टाके पडले, खटला झाला. न्यायाधीशांनी पहिला गुन्हा म्हणून मुचलक्यावर सोडलं आणि बुधवारी सकाळी हजेरी लावून दिली. इतर दिवशी वरिष्ठ दौऱ्यावर असत, म्हणून आमचा हजेरीचा वार बुधवारच होता.

पहिल्या बुधवारी तो दारातच बसला. मी खुर्ची दाखवली.

"ऱ्हाऊ द्या, सायब. हितं बरंय."

बऱ्याच आग्रहाने तो खुर्चीच्या कडेवर टेकला. शिपायाने पाण्याचा पेला पुढे ठेवला. त्याने पेल्याकडे बघितलं आणि हात मांडीवरच ठेवले.

मी त्याला दहा मोजायची रीत सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग हसला.

"सायब, दहा मोजंस्तवर टँकर रिकामा व्हतो."

मीही हसलो. म्हणालो, "मग नऊ मोजा."

पेला तसाच राहिला. दुसऱ्या बुधवारीही तसंच आणि तिसऱ्याही. तो यायचा, विचारलेलं सांगायचा, पोरीच्या खोड्या सांगून हसवायचा, पण पाण्याला हात लावायचा नाही. उन्हातून चालत आलेला असायचा, ओठ सुकलेले असायचे. तो गेल्यावर शिपाई तो पेला परत माठात ओतायचा.

मला त्याचा अर्थ लगेच कळला, असं मला वाटलं. तो आमच्याच समाजातला होता, हे मला कागदावरून माहीत होतं. मी लहान असताना आमच्या गावी आई विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची आणि कुणी ओतेल तेव्हाच पाणी मिळायचं. "पाणी मागताना वर बघू नगं," ती मला सांगायची. घरात बुद्धाची तसबीर होती, वडिलांनी मान वर करायला शिकवलं होतं, पण विहिरीवर ते चालत नव्हतं. तेव्हा मला वाटलं, याच्या हातातही तीच जुनी भीती आहे. सरकारी कचेरीतल्या पेल्याला तोंड लावायला तो बिचकतो.

म्हणून चौथ्या बुधवारी मी उठलो, माठातून स्वतः पेला भरला आणि अर्धा मी प्यायलो. मग दुसरा भरून त्याच्या हातात दिला आणि हळूच म्हणालो, "घ्या हो. मीही तुमच्यातलाच आहे. इथे तसलं काही नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला आधी कळलंच नाही मी काय म्हणतोय ते. मग कळलं आणि तो ओशाळला, माझ्यासाठी.

"तसं न्हाई, सायब. तुमी आमच्यातले ते म्हाईत हाय मला, नावावरनंच कळलं. आज बुधवार हाय. टँकर बुधवारीच येतो. आत्ता पोरीची माय रांगेत हुबी आसंल. तिची घागर भरली का न्हाई म्हाईत न्हाई, अन् म्या हितं कसं पिऊ?"

माझ्या हातातला अर्धा पेला मी खाली ठेवला.

"मग आधी का नाही सांगितलं? वार बदलला असता."

"हाजिरी हाय ना, सायब. हाजिरीचा वार कुणी बदलतं का? आमच्या आज्याला गावकामाची पोलीस पाटलाकडं रोजची हाजिरी असायची. त्येचा बाप मेला त्या दिशी बी त्यो गेलता."

मग मी हळूहळू विचारत गेलो तसं बाकीचं निघालं. बुधवारी नवरा आमच्याकडे असतो हे दुकानदाराला माहीत होतं. त्या दिवशी तो तिची घागर मागे सारत होता, दर आठवड्याला. ती नवऱ्याला सांगत नव्हती. त्याला शेजाऱ्यांकडून कळायचं. पाण्यासाठी ती लांबच्या विहिरीवर जायची, जिथे तळाला गढूळ पाणी उरलेलं होतं.

"अन् तुम्ही काय करता?"

"म्या मोजतो," तो म्हणाला. त्या वेळी तो हसला नाही.

पुढच्या बुधवारी मी वरिष्ठांना विचारून त्याला हजेरीतून सूट दिली आणि मीच वस्तीवर गेलो. घरभेट हा आमच्या कामाचाच भाग होता. रांग दुकानासमोरून वळत गेली होती. माणसं कमी, घागरी, डबे आणि कळशाच जास्त. ज्यांना उन्हात उभं राहवत नव्हतं त्यांनी जागेवर दगड ठेवले होते. हमालाची बायको मध्यावर उभी होती. किडकिडीत, डोक्यावर पदर, घागर पायाशी. तो तिच्या शेजारी होता. मला पाहून दोघांनी मान हलवली. त्याने मला लिंबाच्या सावलीत बसायला सांगितलं. मी त्यांच्या जवळच उभा राहिलो.

टँकर आला. आधी पाईप बॅरलमध्ये गेला. बॅरल भरून वाहिलं, मग रांगेला सुरुवात झाली. दुकानदार पाईप हातात धरून उभा होता. कपाळावरचा व्रण मला दिसत होता. हमालाच्या बायकोची पाळी आली. त्याने पाईप तिच्या मागच्या बाईच्या डब्यात घातला आणि पायाने तिची घागर सारली. रागाने नव्हे, सवयीने. घागर आडवी पडून गडगडत गेली.

मागच्या बायकांनी आपापले डबे पुढे सरकवले. तिने घागर उचलून पुन्हा ठेवली. त्याने पुन्हा सारली. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. खटल्याच्या वेळी त्याने मला कोर्टात पाहिलं होतं.

"कोर्टाचे मास्तर आलेत वाटतं. या, सायब, बसा. आज मजा बघा." मग हमालाकडे वळून म्हणाला, "उचल की हात. उचल! तुझा मास्तरच साक्षीला हाय. सीधा आतमधी."

तेव्हा मला कळलं की आमचा मुचलका त्या वस्तीत काय काम करत होता. दुकानदाराला हवं होतं की याने हात उचलावा. आणि याने हात उचलला नाही, तर घागर रिकामी राहणार. दोन्हीकडून तोच जिंकत होता.

माझी आई, ती विहीर, वर न बघणं, सगळं एकदम वर आलं. मी पुढे झालो. पाईप हिसकावणार होतो की त्याची गचांडी धरणार होतो, मला आजही सांगता येत नाही. माझा हात उचलला गेला होता एवढं खरं.

हमालाने माझं मनगट धरलं. पोती उचलणारा हात, हालता येईना.

"सायब," तो माझ्या कानाशी म्हणाला, "तुमची नोकरी हाय. मोजा."

"सोडा मला."

"मोजा म्हन्तो ना. एक म्हना."

तो माझी थट्टा करत होता का, मला माहीत नाही. त्याच्या आवाजात थट्टा होती, पण पकड सैल होत नव्हती. मी मोजलं नाही, त्यानेच मोजलं, आम्हा दोघांसाठी. एक. दोन. त्याची बायको घागर पोटाशी धरून आमच्याकडे बघत होती. मागच्या बायका एकेक करून भरून घेत होत्या, मान खाली घालून. सात म्हणेपर्यंत पाण्याची धार बारीक झाली. त्याचे दहा पुरे झाले तेव्हा पाईप खोकला, दोन गुळण्या टाकल्या आणि थांबला.

दुकानदार हसला. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

मी त्याच दिवशी तहसीलला तक्रार दिली. तिथला कारकून भला होता. त्याने नकाशा काढून दाखवलं की वस्ती शहराच्या यादीत नव्हती आणि गावाच्या यादीतही नव्हती. नवा जिल्हा, याद्या व्हायच्या होत्या. टँकर कुणीतरी मेहेरबानीवर पाठवत होतं, आणि मेहेरबानीची तक्रार कुठे करणार? आमच्या हातात एकच गोष्ट होती, ती आम्ही केली. वरिष्ठांनी आपला शनिवारचा दौरा सोडला आणि सगळ्यांच्याच हजेरीचा वार बदलून शनिवार केला.

पहिल्या शनिवारी तो बायकोला घेऊन आला. वरिष्ठांनीच तिला बोलावलं होतं. माणूस घरी कसा वागतो हे घरच्यांकडून ऐकायचं, अशी रीत होती. ती घागर कडेवर घेऊन आली. मला वाटलं, जाता जाता कुठे पाणी मिळेल म्हणून आणली असेल.

वरिष्ठांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"बाई, यांचा राग आता कमी झाला का?"

"राग गेला, सायब," ती म्हणाली. "राग गेला अन् पानी बी गेलं. आदी निदान एकदा घागर भरून आन्ली व्हती यानं. डोकं फोडलं, पर भरून आन्ली."

"ए, गप," तो म्हणाला.

"कामून गप? इचारलं ते सांगते. तुमी शिकलेले, भाऊ," हे मला होतं, "राग गिळायचं शिकवता. गिळला की त्यानं. पोरीनं काय गिळावं?"

ती माठाकडे गेली. झाकण काढलं, ओगराळं घेतलं आणि घागरीत ओतायला लागली. शिपाई "ओ बाई" करत उठला. वरिष्ठांनी मान वर न करता हात केला, बस म्हणून. ओगराळं माठाच्या तळाला घासलं तेव्हा ती थांबली. मग टेबलावरचा पेला घेतला, आपल्या घागरीतून भरला आणि नवऱ्यापुढे धरला.

तो एका दमात प्यायला. मग दुसरा. तिसरा ती स्वतः प्यायली, मग घागर डोक्यावर घेतली आणि दोघं निघून गेली.

वरिष्ठांनी उठून रिकाम्या माठावर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "अहवालात लिहा, रागावर ताबा आहे. खरंच आहे ते."

मी तसं लिहिलं. त्याच वाक्यावर वर्षअखेर त्याचा मुचलका सुटला, तो तुरुंगात गेला नाही आणि मला त्याचं आजही बरं वाटतं. त्यानंतर कितीतरी जणांना मी खुर्ची दिली, शांत व्हायला शिकवलं आणि त्यातल्या काहींचे संसार त्यामुळे वाचले, हेही खरं आहे. पण दहा मोजायला मी पुन्हा कुणालाच सांगितलं नाही, आणि त्याच्या जागी काय सांगायचं ते मला सापडलंही नाही.

त्या शनिवारी ती दोघं गेल्यावर पुढचा माणूस आत आला. दारूत भावाला मारलेला, तरणा, घाबरलेला. मी त्याला खुर्ची दिली आणि सवयीने विचारलं, "पाणी घेणार?"

"हाव, सायब," तो म्हणाला. शिपायाने माझ्याकडे पाहिलं.