शेळीच्या अंड्यांवरचा पहारा

माझ्या मेव्हणीने आयुष्यात शेळी पाळलेली नाही, पण गल्लीत तिला शेळ्यांची सुईण म्हणतात. ती प्रयोगशाळेत कामाला आहे. कत्तलखान्यातून शेळीची अंडाशयं कोमट मिठाच्या पाण्यात आणायची, सूक्ष्मदर्शकाखाली सुईने त्यातल्या बारीक पिशव्या सोडवायच्या आणि बशीत औषधी पाण्याच्या थेंबात वाढवायच्या, हे तिचं काम. खसखशीहून लहान पिशवी, आणि तिच्यात शेळीचं अंडं! या बशा उबेच्या पेटीत राहतात. पाणी बदलायला एक दिवसाआड दार उघडायचं, एरवी नाही, कारण दार उघडलं की ऊब आणि आत मोजून सोडलेला वायू दोन्ही पळतात.

नेमकं हेच तिला जमत नव्हतं. चुलीवरच्या पातेल्याचं झाकणसुद्धा ती दहादा उचलते. "जिवंत आहेत का, एवढंच बघते," म्हणायची, आणि त्या बघण्यानेच पिशव्या काळ्या पडून मरायच्या. शेवटी साहेब म्हणाले, "बाई, हीही खेप गेली तर पेटी मासळीवाल्या विभागाला देणार."

तिने पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे आणली. "भावोजी, मी पाया पडले तरी द्यायची नाही."

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. दुसऱ्याच संध्याकाळी बाई दारात.

"भावोजी, वीज जाऊन आली. पेटी बंद पडली असेल."

"बंद पडली तर घंटा वाजते ना?"

"घंटाच बिघडली असली तर?"

मी मुकाट्याने किल्ली दिली. थोड्या वेळाने ती फणफणत परत आली. "ही कसली किल्ली?"

"सायकलची," मी म्हणालो.

बायको आतून ओरडली, "अगं, जन्मात पहिल्यांदा नाही म्हणालेत ते, तेही न बोलता. कौतुक कर जरा!"

त्यानंतर ती आली की मी न्हाणीघरात शिरायचो. इतका स्वच्छ मी कधीच नव्हतो. पाणी बदलायच्या दिवशी मात्र सकाळी किल्ली द्यायचो आणि नंतर जाऊन परत घ्यायचो.

असाच एकदा किल्ली घ्यायला गेलो, तर साहेब पाहुण्यांना घेऊन हजर. "बाई, उघडा. जिवंत आहेत का, एवढंच बघू."

मेव्हणी पेटीला पाठ लावून उभी राहिली. "आत्ताच बंद केलीय. आता परवा."

"अहो, एकदाच!"

"मीही एकदाच म्हणायचे, साहेब. पेटी न्यायची तर न्या, पण परवा." आणि तिने किल्ली माझ्या मुठीत कोंबली. "किल्ली यांच्याकडे असते."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी किल्लीची मूठ खिशात घातली. "नाही," एवढंच कसंबसं म्हणालो.

परवा पेटी उघडली. काही पिशव्या गेल्या होत्या, पण बाकीच्या फुगून टंच झाल्या होत्या. साहेब सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात. तसंच वाकून म्हणाले, "मासळीवाल्यांना सांगा, दुसरी पेटी बघा म्हणावं."

"सांगते. पण आता पुरे करा," म्हणत मेव्हणीने त्यांच्या डोळ्याखालची बशी ओढून घेतली. "थंडी वाजते त्यांना."