सातवा मुद्दा परीक्षेला नाही

तुम्हा नातवंडांचा निरोप मिळाला. उदारमतवादाचा उगम आणि विकास यावर कॉलेजात निबंध द्यायचा आहे, आजीने तीस वर्षं हेच शिकवलं, तेव्हा तिने मोजके मुद्दे पाठवावेत, शुक्रवारपर्यंत. आधी हे वाचा. मला राग आला आहे, पण तुमचा नाही. कुणाचा, ते वाचल्यावर कळेल.

हाच प्रश्न आमच्याकडे पंधरा गुणांना यायचा. त्याचं उत्तर मी सहा मुद्द्यांत बसवलं होतं. वर्गात ते सावकाश, स्वल्पविरामासकट सांगायचे आणि मुलं खाली मान घालून उतरून घ्यायची. पहिला मुद्दा, राजाने मनाला येईल तसा कर लावायचा नाही, हे इंग्लंडात लोकांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. दुसरा, धर्मावरून युरोपात पिढ्यानपिढ्या कत्तली झाल्या, माणसं थकली, आणि कुणाच्या मनात काय आहे ते सरकारने तपासू नये असं म्हणू लागली. तिसरा व्यापाराचा: घेणारा आणि देणारा राजी असतील तर मध्ये सरकारी परवाना कशाला? चौथा, कुणाच्या संगतीत राहायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. पाचवा, गिरण्यांत लहान मुलं राबताना पाहिली तेव्हा याच विचाराच्या लोकांना उमगलं की उपाशी माणसाचं राजी होणं खरं नसतं. कामाचे तास आणि शाळा यांत सरकारने पडलंच पाहिजे. सहावा, हा विचार इंग्रजी पुस्तकांतून पुण्यात आला आणि त्यापायी इथल्या सुधारकांनी अंगावर शेण झेललं.

सातवाही होता. राजाला आवरलं म्हणजे काम संपत नाही. शेजारीपाजारी, जातभाई, चार प्रतिष्ठित माणसं मिळून एकट्याची जी गळचेपी करतात ती राजापेक्षा वाईट, कारण राजा निदान जिन्यात भेटत नाही. पण अर्ध्या तासात सहाच मुद्दे लिहून व्हायचे आणि सहांना पुरेसे गुण मिळायचे. मी म्हणायचे, "सातवा वाचून ठेवा. परीक्षेला नाही."

निवृत्त झाल्यावरची गोष्ट. तुमच्या आजोबांनी सदाशिव पेठेत आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर एक लहान फ्लॅट घेऊन ठेवला होता. ते गेल्यावर तो भाड्याने द्यायचं मी ठरवलं. पाटी लावली आणि चौथ्या दिवशी एक तरुण बाई आली, अंगात कंडक्टरचा खाकी गणवेश. तिची ड्युटी स्वारगेटहून सुटणाऱ्या पहाटेच्या पहिल्या गाडीवर. राहायची वाघोलीला, भावाकडे. भाऊ मोटारसायकलवरून डेपोत सोडायचा, पण त्याची महिनाअखेरीला बदली होणार होती आणि त्या वेळी वाघोलीहून दुसरं वाहन नव्हतं. दोनदा उशीर होऊन लेखी ताकीद मिळाली होती.

"तिसऱ्यांदा उशीर झाला की घरी बसवत्यात," ती म्हणाली. "हितनं डेपो चालत वीस मिन्टं हाय, बाई. मी चालून बघितलं."

तिचं ते चालून बघणं मला फार आवडलं. तिला भाडं पटलं, मला ती पटली. तिसरा मुद्दा, शब्दशः.

पण सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं. त्याच्या अर्जात आडनाव लिहावं लागतं. ती दलित आहे हे त्या आडनावावरून सगळ्या इमारतीला कळलं आणि आठ दिवसांत पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. अध्यक्ष निवृत्त बँक अधिकारी. स्कूटरसाठी नंबर लावून आपण किती वर्षं ताटकळलो आणि परवान्यांनी देश कसा बुडवला, हे ते पाण्याची टाकी साफ करण्याच्या सभेतही सांगत.

"वहिनी, आमच्या मनात तसलं काही नाही हो," ते म्हणाले. "प्रश्न वेळेचा आहे. पहाटे चारला जिन्यात बुटांचा आवाज. म्हातारी माणसं आहेत इथे."

"पहाटे चारला आपणही पर्वतीला निघता," मी म्हटलं. "काठी आपटत."

"ती सवयीची झाली सगळ्यांना."

लोक हसले. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आज एकटी आहे. उद्या तिचे नातेवाईक यायला लागले की मग बोला."

मग सचिव उठला. करसल्लागार, माझा जुना विद्यार्थी. हातात एक लांब वही, कडा पिवळ्या पडलेल्या. "बाई, तुमच्याच नोट्स. अजून जपून ठेवल्यात," असं म्हणून त्याने चौथा मुद्दा खड्या आवाजात वाचला. "सोसायटी म्हणजे स्वेच्छेने एकत्र आलेली माणसं. कुणाला घ्यायचं हे आमचं स्वातंत्र्य. तुमचंच वाक्य आहे, बाई."

टाळ्या पडल्या. मी वही मागून घेतली. वाक्य माझंच होतं. पुढचं पान उलटलं. सहावा मुद्दा संपल्यावर खाली सुवाच्य अक्षरात, तांबड्या शाईने अधोरेखित केलेलं: "मुद्दा ७ – परीक्षेला नाही." त्याखाली पान कोरं.

"हा आता लिहून घे," मी म्हटलं.

"बाई, आता कुठली परीक्षा!" तो मनापासून हसला. मग पत्र नाकारायला हात वर झाले. विरोधात माझा एकटीचा.

दुसऱ्या दिवशी ती किल्ली न्यायला आली. मी झालं ते सांगितलं आणि म्हटलं, वर माझ्याच घरात एक खोली रिकामी आहे, पाहुणी म्हणून राहा. पाहुण्याला कुणाची परवानगी लागत नाही.

"पावती द्याल भाड्याची?"

"पावती दिली की भाडेकरू होशील. मग परत तेच पत्र."

"मग नको, बाई. तुम्ही आज चांगल्या हाय. उद्या तुमचं-माझं वाजलं तर मी कशाच्या जोरावर भांडू?"

तीस वर्षं वर्गात उभी राहून मला हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

भाऊ गेल्यावर ती दहा दिवस डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत बाकावर झोपली. तिसरा उशीर तिने होऊ दिला नाही. मग पर्वतीच्या पायथ्याला पत्र्याची खोली घेतली, माझ्यापेक्षा जास्त भाड्याने, पावतीसकट. ते दहा दिवस माझा फ्लॅट माझ्या पायांखाली रिकामा होता.

वकील म्हणाले, सहकारी संस्थांच्या सरकारी निबंधकांकडे दाद मागा. मी अर्ज लिहिला, समास सोडून, तीन प्रती काढून. टाकला नाही. याच लोकांबरोबर मला म्हातारपण काढायचं होतं. रात्री छातीत दुखलं तर यांचंच दार वाजवायचं होतं. वर्षभराने फ्लॅट एका संगणक कंपनीतल्या मुलाला दिला. आडनाव चालणारं होतं. पत्र एका दिवसात मिळालं. तोही पहाटेच परततो, रात्रपाळी करून. बुटांबद्दल कुणी बोललं नाही.

तेव्हा निबंध सातव्या मुद्द्यापासून सुरू करा. बाकीचे सहा कुठल्याही पुस्तकात मिळतील, आणि त्यांतल्या कुठल्याही एकाने शेजाऱ्याला दार बंद करता येतं.

सचिव अजून दर दिवाळीला नमस्काराला येतो. मी फराळाचं ताट करते. गेल्या वर्षी चकली मोडत म्हणाला, "बाई, आम्ही घडलो ते तुमच्यामुळे." मी त्याच्या ताटात आणखी एक चकली वाढली. ते खरं होतं.