रिकाम्या फ्रेमला हार

नाटक उभं राहायला तीन महिने लागतात, किस्से मात्र पहिल्या तालमीपासूनच साचतात. आम्ही परळीची आठ पोरं, दिग्दर्शक माधव सर, आणि त्यात प्रॉपर्टी, म्हणजे स्टेजवरचं सामान, सांभाळणारा मी. नाटक सगळं कवितेतलं. पोरांच्या भांडणात एकाचा खून होतो आणि मित्र त्याच्या फोटोपुढे उभे राहून बोलतात, एवढीच गोष्ट.

*

खुनाला कोयता हवा होता. सर म्हणाले, "उद्या कुणीतरी एक आणा." दुसऱ्या दिवशी सात आले, सगळे धार लावलेले. सरांनी घाबरून सातही परत पाठवले आणि मला पुठ्ठ्याचा करायला लावला. पहिल्याच प्रयोगात मागून एक म्हातारबा बोलले, "ह्यानं उसाचं पाचट बी निघायचं न्हाई."

*

मरणारा वैभव. पडल्यावर तो सोळा ओळी बोलतो. तालमीला आलेले त्याचे वडील म्हणाले, "एवढं लागल्यावर माणूस इतकं बोलत न्हाई, सर."

"काका, कविता आहे ती."

"असू द्या की. पर रगत किती गेलंय ते तरी बघा."

सरांनी बारा ओळी कापल्या. वैभव आठवडाभर वडिलांशी बोलला नाही.

*

खरा घोळ फोटोचा झाला. फोटो वैभवचाच लागणार होता, वर हार. त्याच्या आईला कळलं आणि ती थेट हॉलवर आली. "जित्या लेकराच्या फोटोला हार घालता? कावून? दुसरं कुणी घावलं न्हाई?"

मग सरांनी एकेकाला विचारलं. शुभ-अशुभ न मानणारा आमचा प्रशांत म्हणाला, "सर, मोबाइल नवीन हाय, फोटोच न्हाईत." दिवसाला वीस सेल्फी काढणारा माणूस!

मी म्हणालो, "मग सर, तुमचाच लावू."

सर खाकरले. म्हणाले, "वय जुळत नाही रे."

शेवटी रिकाम्या फ्रेमला हार घातला. स्पर्धेत परीक्षकांनी त्या फ्रेमवर दहा मिनिटं भाषण केलं आणि नेपथ्याचं बक्षीस दिलं. सरांनी ते मान खाली घालून घेतलं.

*

सिरसाळ्याचा प्रयोग संपला. मी सामान आवरत होतो, तेवढ्यात एक बाई स्टेजपाशी आल्या. हातात कापडी पिशवी.

"पुढचा खेळ कुठं हाय?"

"रविवारी, लिंबागणेशला."

त्यांनी पिशवीतून एका पोराचा फोटो काढला. अठरा-एकोणीसचा असेल.

"माझा हाय. दोन वर्सं झाली, असाच भांडणात गेला. ह्याचे वडील घरात हार घालू देत न्हाईत. परत येईल म्हणत्यात."

मी सरांकडे बघितलं.

बाईंनी फ्रेम उचलली, पदरानं काच पुसली आणि फोटो आत बसतो का ते लावून बघितलं. बसत होता.

"रविवारी हार आणू नका," त्या म्हणाल्या. "मी घेऊन येते."